पाण्याची ट्यूब

१

माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाची ट्यूब कुठली, तर जिच्यात काहीच नसतं ती.

हे सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. आईसुद्धा हसली होती. पण रोज सकाळी मी बर्फाच्या डब्यात बोटाच्या पेराएवढ्या ट्यूब ओळीने लावते, माशाचा डीएनए, बेडकाचा, पालीचा, कोंबडीचा, उंदराचा, आणि सगळ्यात शेवटी एक नुसत्या पाण्याची. बाकीच्यांत जी रसायनं घालायची तीच तिच्यातही घालायची, त्यांच्याबरोबर तिलाही मशीनमध्ये तापवायचं आणि गार करायचं. दोन तासांनी प्रत्येकीतला थेंब जेलच्या पातळ वडीत सोडायचा, वीज लावायची आणि निळ्या दिव्याखाली बघायचं. आपण शोधतोय तो तुकडा जिच्यात असेल तिच्या रांगेत एक उजळ पट्टा दिसतो. पाण्याच्या रांगेत अंधार दिसला पाहिजे. तिथेही पट्टा दिसला तर समजायचं, कुणाच्या तरी बोटातून, शिंकेतून, केसातून काहीतरी आत पडलंय. मग सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

तीन वर्षांत माझं पाणी एकदाही उजळलं नव्हतं. दारावर टकटक झाली तरी मी दचकते, फोन वाजला की हातातलं पाडते, म्हणून तर घरी आईने माझं नाव ‘दचकी’ ठेवलंय. पण थेंब मोजायचं पिपेट हातात आलं की माझे हात दुसऱ्याच कुणाचे तरी होतात. लॅबच्या मॅडम नव्या मुलांना माझ्या टेबलाशी आणून उभं करायच्या आणि म्हणायच्या, हिचे हात बघा. इतके स्वच्छ हात मी कुणाचे पाहिले नाहीत. त्या एका वाक्यावर मी महिना काढत असे.

आमच्या लॅबचा सगळा संसार एका तुकड्याभोवती आहे. मॅडम सांगतात ते असं: कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या कुठल्याशा माशासारख्या जिवाच्या डीएनएत एक तुकडा आगंतुकासारखा शिरला. कुठून, ते कुणाला माहीत नाही. त्याला एकच काम येत होतं, स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे चिकटवायची. अशा शेकडो नकला झाल्या. पुढे त्याची ती खोड मोडली, नकला जागच्या जागी पडून राहिल्या आणि जुन्या पाटीवरच्या अक्षरांसारख्या झिजत गेल्या. थोड्या मात्र झिजल्याच नाहीत. मासा, बेडूक, पाल, कोंबडी, उंदीर, माणूस, ज्याला म्हणून पाठीचा कणा आहे त्या प्रत्येकात त्या त्याच जागी बसून आहेत आणि दोनशे अक्षरांपैकी एकही इकडचं तिकडे झालेलं नाही. डोळे बदलले, पंख फुटले, शेपट्या गेल्या. हा तुकडा तसाच.

एवढं कोण जपतं, असं मॅडम विचारतात. असे तुकडे उंदरातून काढून टाकून पाहिलेत लोकांनी. उंदीर जगतो, खातो, पिल्लं घालतो. मग जपलं कशासाठी, हे शोधण्यात आमचे पगार जातात.

आणि मग ती आली. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. माशांच्या टाक्या आणि अंड्यांची पेटी सांभाळणारे मामा, जे वयाने सगळ्यांचेच मामा आहेत, ते तिला ‘नवी’ म्हणू लागले आणि तेच चालू झालं. तीन वर्षांपूर्वी मामा मला नवी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी नवीचं पाणी उजळलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी इतकं की माशाच्या पट्ट्यापेक्षा पाण्याचा पट्टा ठळक. मला वाटलं, आता मॅडम तिला चांगलं सुनावणार. मॅडम हसल्या. म्हणाल्या, काय जिवंत पोरगी आहे ही, जाईल तिथे सांडते.

जिवंत. तीन वर्षांत मला कुणी जिवंत म्हटलं नव्हतं.

२

तिला घरी मीच आणलं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी उरत नाही.

वसतिगृहात खोली रिकामी नव्हती. ती लॅबच्या सोफ्यावर बॅग उशाला घेऊन झोपते हे मामांकडून कळलं, आणि सगळ्यांच्या देखत चांगुलपणा दाखवायची संधी मी साधली. म्हटलं, आमच्याकडे ये आठवडाभर. घरात मी आणि आई दोघीच.

दोघीच, हे मी फार अभिमानाने म्हणते. बाबा गेल्यापासून आई माझ्याशिवाय जेवायची नाही. दुपारी एकला मी लॅबमधून फोन करायचा, तिने काय शिजवलं ते सांगायचं, मी ‘जेव आता’ म्हणायचं, मग ती जेवणार. लग्नाचा विषय काढणाऱ्या मावशीला मी याच कारणावर तीन वर्षं परतवत आले. मी गेले तर आईचं कोण.

पहिल्या रात्री जेवायला बसलो. नवी ‘काकू, काकू’ करत वाढायला मदत करत होती, कुठल्या जागेवर कोण बसतं ते न विचारता बरोबर तिसऱ्या खुर्चीवर बसली, भात कमी घेतला, आणखी मागितला, सगळं कसं रीतीला धरून. जेवण झाल्यावर तिने ताटाच्या कडेवर मधल्या बोटाने वाजवलं. टक टक टक. मग एक श्वासभर थांबली. मग टक टक.

हात झटकावा तसं. मुद्दाम काही नव्हतं. आई ताटं गोळा करत होती, ती थबकली आणि तिने नवीकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. फक्त एवढं जाणवलं की या नजरेने तिने माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

नंतर ओट्यापाशी दोघी भांडी घासत होत्या. आई मोठ्याने हसली. बाबा गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मी बाहेर चादरी घालत होते, दचकून उशी पाडली.

३

आठवड्याचा महिना झाला. आईनेच तिला थांबवलं. म्हणाली, कुठे जाते एकटी, राहू दे, घर भरल्यासारखं वाटतं. म्हणजे मी होते तेव्हा घर काय होतं?

मत्सर हा शब्द मी स्वतःला लावून घेत नव्हते. मी शिकलेली आहे. मी त्याला ‘निरीक्षण’ म्हणत होते. माझ्या निरीक्षणात असं आलं, की दुपारी एकला फोन केला तर आई कधीच जेवून झालेली असते. की नवी लॅबमधून साडेबाराला गायब होते आणि दोनला येते. की आईने तिच्या केसांना तेल लावून दिलं. मी मागितलं असतं तर माझ्याही लावलं असतं, पण नवीने मागितलं नव्हतं.

आणि ती टकटक. तीन, श्वास, दोन. आता आईही करत होती. वाटीच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर, फ्रीज बंद केल्यावर फ्रीजवर. मला वाटलं, नवीची सवय आईने उचलली. माझी एकही सवय आईने सव्वीस वर्षांत उचलली नाही आणि हिची महिन्याभरात. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी आईला विचारलं, ही काय नवीन सवय. तिने विचारलं, कुठली? मी टेबलावर वाजवून दाखवलं. आई माझ्या बोटाकडे बघत राहिली, मग काहीतरी आठवल्यासारखी उठून आत गेली.

लॅबमध्ये मामा टाकीचं झाकण लावत होते. झाकण बसलं, आणि त्यांच्या बोटांनी त्यावर वाजवलं. तीन. श्वास. दोन.

हातातला बर्फाचा डबा मी पाडलाच. मामा म्हणाले, काय गं, माशांनी काही विचारलं का तुला. मी विचारलं, मामा, हे वाजवायला कधीपासून लागलात. ते म्हणाले, काय वाजवायला?

त्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकू येईना. मॅडम विचार करताना पेनाने टेबलावर. रिक्षावाला आरशावर. वाण्याचं पोर काउंटरवर. मी स्वतःशी वाद घालत होते: डोक्यात एखादा आकडा बसला की तोच सगळीकडे दिसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. दहा आवाजांपैकी जे जुळतात तेवढेच लक्षात राहतात. बरोबर आहे. म्हणून मी वहीत न जुळणारेही लिहायचं ठरवलं. वहीचं ते पान अजून कोरं आहे.

४

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. लॅबमध्ये कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी गालाच्या आतून कापूस फिरवून द्यायचा. तो डीएनए थंडपेटीत नाव घालून ठेवतात. कधी दुसऱ्या कुठल्या प्रयोगात पाणी उजळलं तर नमुने जुळवून बघायचं, कुणाचा हात लागला.

मी मॅडमना सगळ्यांसमोर म्हटलं, पाणी रोज खराब होतंय, गालाचे नमुने काढून तपासूया, कोण सांडतंय ते एकदा कळू दे. माझी नजर कुठे होती ते सगळ्यांना दिसलं असणार.

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अगं, आपण शोधतोय तो तुकडा सगळ्यांचा अक्षरन् अक्षर सारखा. जे सगळ्यांचं सारखं, त्यावरून चोर कसा पकडशील?”

सगळे हसले. मामाही. नवीसुद्धा हसली, पण हळूच, आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, ताई, चूक माझीच आहे, मी सांभाळून करेन. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. लॅबमधल्या शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक मी मत्सरापायी केली होती, आणि तिने मला समजून घेतलं होतं.

तरी मी ते केलं. शनिवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. काही सिद्ध होणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मला फक्त तिचा पट्टा डोळ्यांनी बघायचा होता. चार नमुने काढले. मॅडम, मामा, नवी, आणि नियमाला धरून मी स्वतः. पाचवी ट्यूब पाण्याची.

निळ्या दिव्याखाली तीन पट्टे होते.

पाण्याच्या रांगेत अंधार. त्याच्या शेजारी, चौथ्या रांगेतही अंधार.

मी खाली वाकून ट्यूबवरचं अक्षर वाचलं. माझंच होतं.

५

नमुना जुना असेल. खराब झाला असेल. मी घालायला विसरले असेन. मी विसरत नाही, पण असेन.

गालातून ताजा कापूस फिरवला. पुन्हा अंधार. मग शहाण्या माणसाने करावं ते केलं, त्याच ट्यूबमध्ये माणसाचा दुसराच एक साधा तुकडा शोधला, पेशीच्या रोजच्या कामाचा. तो लख्ख दिसला. म्हणजे डीएनए होता. माझाच होता. त्यात बाकी सगळं होतं.

चार वेळा केलं. चारही वेळा मी आणि पाणी शेजारी शेजारी.

तेव्हा मला माझे स्वच्छ हात आठवले. तीन वर्षांत माझं पाणी एकदाही उजळलं नव्हतं. उजळणार कसं? सांडायला माझ्याकडे होतंच काय.

मी कुणाला सांगितलं नाही. उंदीर जगतो, असं स्वतःला सांगत राहिले. उंदीर जगतो, खातो. मीही सव्वीस वर्षं जगले, पहिल्या वर्गात पास झाले, मला ताप आला आणि गेला. काय अडलं माझं?

मामांनी अंड्यांची पेटी उघडली होती. कवचाला नखाएवढी खिडकी कापून वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, आतलं पिल्लू दिसतं. सहा दिवसांचं, भुईमुगाच्या दाण्याएवढं, डोळाच मोठा. या वयात ती उगाच हलू लागतात. मी नेहमीसारखी नोंद करायला वाकले. पिल्लाने पाठ ताणली. एक, दोन, तीन. थांबलं. एक, दोन.

मी दुसरं अंडं घेतलं. मग तिसरं. मग माशांची काल घातलेली अंडी, टाचणीच्या डोक्याएवढे काचेचे थेंब, आत शेपूट वळवळते. भिंगाखाली चाळीसेक होती. सगळी एकदम वळत होती, एकदम थांबत होती.

माझ्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवला नाही. मामांना बोलावलं, पेशी मोजायचं बटण त्यांच्या हातात दिलं, काही न सांगता म्हटलं, पिल्लू हललं की दाबा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. क्लिक क्लिक क्लिक. मला माझा श्वास ऐकू आला. क्लिक क्लिक.

मामा म्हणाले, “ही अशीच हलतात गं. तीस वर्षं बघतोय. तुला आज दिसलं होय?”

६

बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. ते गेल्यापासून मी तो उघडला नव्हता. मला एकच हवं होतं, हे सगळं नवीने आणलं याचा पुरावा. ती यायच्या आधीचं घर स्वच्छ होतं याचा.

व्हिडिओत केक आहे, मावशीचा अंगठा आहे, बाबा आहेत. बाबा टेबलाच्या कडेवर बोटाने वाजवतात. तीन. श्वासभर काही नाही. मग चित्राच्या बाहेरून, जिथे आई उभी होती, तिथून दोन.

मी ते सतरा वेळा पाहिलं. तीन बाबांचे होते. दोन आईचे. आई एवढे दिवस वाटीवर, चौकटीवर, फ्रीजवर पाचही स्वतःच वाजवत होती. विचारायची, थांबायची, आणि मग स्वतःच उत्तर द्यायची.

आणि मी, बाबांच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. माझ्या डोक्यावरून ते गेलं आणि आलं, आणि माझ्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी जास्त जळत होतं. नवीला ते आयतं मिळालं होतं. माशाला मिळालं होतं, पालीला मिळालं होतं.

मी रात्री पांघरुणात सराव करू लागले. तीन, श्वास, दोन. आणि दिवसा वसतिगृहाच्या बाईंच्या मागे लागले. रडले, भांडले, मॅडमची चिठ्ठी नेली. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी खोलीची किल्ली हातात ठेवली. नवीसाठी. आजच जागा रिकामी झाली म्हणाल्या.

७

संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये असेन असं सांगून निघाले होते. तीनलाच परतले. किल्ली पर्समध्ये होती. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं: तुझी सोय झाली, किती दिवस अवघडून राहशील, आजच सामान नेऊ.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात ऊन होतं, पंखा चालू होता आणि स्वयंपाकघरातून आवाज येत होता. तीन. श्वास. दोन. पुन्हा तीन. पुन्हा दोन. बोलणं नाही. एक शब्द नाही. आवाज मात्र थांबत नव्हता, कधी भरभर, कधी सावकाश, मधेच एकदा इतका हळू, जणू कुणी रडून घेत होतं आणि कुणी ऐकून घेत होतं.

मी फ्रीजच्या आडून पाहिलं. दोघी लाकडी खुर्च्यांवर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. आई खिडकीकडे तोंड करून, नवी दाराकडे; मला दोघी एका बाजूने दिसत होत्या. दोघींच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगा. दोघींचे दोन्ही हात शेंगा सोलत होते. चारही हात मला दिसत होते, वाटाणे डब्यात पडत होते, एकही बोट कशावर वाजत नव्हतं.

आवाज खुर्च्यांच्या पाठींतून येत होता. आईच्या गाऊनचं कापड मानेखाली, मधोमध, आतून उचललं जात होतं. तीनदा.

पंख्याने, मी स्वतःला म्हटलं. पंख्याने कापड हलतं.

नवीने वर पाहिलं आणि आवाज तुटला. मी आत गेले, स्टूल ओढून बसले, मूठभर शेंगा घेतल्या. किल्ली काढायची, बोलायचं, एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी मधलं बोट डब्याच्या कडेवर ठेवलं आणि वाजवलं. तीन. श्वास. दोन. रात्रींच्या सरावाने अगदी बरोबर आलं. पिल्लाला जमतं तितकं बरोबर.

नवीने मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली, हे मला स्पष्ट दिसलं.

आई वळली. रागावली नव्हती. तिने माझं बोट डब्यावरून उचललं.

“असं नको करूस, बाळ. तुला यायचं नाही ते.”

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. माझा आवाज लहान मुलीसारखा आला.

“तू झालीस तेव्हापासून. किती शिकवलं तुला. मी, तुझे बाबा. पाठीशी धरून धरून. मग म्हटलं, राहू दे. पोरगी गुणी आहे, हुशार आहे. कुणाला सांगितलं नाही आम्ही.” तिने माझं बोट सोडलं. “ते गेल्यापासून घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं गं.”

रोज दुपारी एकला मी फोन करत होते. तीन वर्षं. एक दिवस चुकवला नाही.

मी आईला म्हटलं, अजून एकदा शिकव.

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण ती आई आहे. तिने डबा खाली ठेवला, खुर्चीवर आडवी वळली, पाठ मोकळी केली आणि म्हणाली, लाव पाठ. मी स्टूल मागे सरकवून तिच्या पाठीला पाठ लावली. गाऊनमधून तिची ऊब लागली, कण्याचे मणी एकेक लागले. आणि मग त्यांच्या आत, हाडापेक्षा खोल, कुणीतरी माझ्यावर वाजवलं.

तीन.

इतकं जवळून मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. श्वास धरला. माझ्या पाठीत काही तरी हलावं म्हणून मी दात आवळून वाट पाहिली. पाठ पाण्यासारखी शांत होती. आई वाट बघत होती. तिचा श्वास लांबत चाललेला मला कळत होता, आणि तो संपला की ती उठणार, आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

स्टुलाजवळ हलकी चाहूल लागली. डोळे उघडले तर नवी जमिनीवर येऊन बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि आपली पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवली.

दोन. ते माझ्या नडग्यांतून, मांड्यांतून, कंबरेतून आरपार गेलं आणि माझ्या पाठीतून आईला पोचलं.

आई हसली. आतून, पोटातून, बाबा असताना हसायची तशी. तिची पाठ माझ्या पाठीवर थरथरली.

“आलं की गं तुला,” ती म्हणाली. “आलं, दचके.”

मी हो म्हणाले.

आईने लगेच पुन्हा विचारलं. या वेळी भरभर, खूप काही साठलेलं असल्यासारखं. नवी उठू पाहत होती. मी हात खाली घातला आणि तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.